महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेतील प्रॉक्सी सर्व्हर : वापरकर्त्यानुसार प्रवेश-नियंत्रण आणि नोंदींची जबाबदारी

प्रस्तावना

आपल्या बहुतेक महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा आहे, तिला ब्रॉडबँडची एक जोडणी आहे आणि त्या एका जोडणीवर वीस-पंचवीस संगणक चालतात. बाहेरच्या जगाला मात्र हे सर्व संगणक मिळून एकच दिसतात, कारण इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने महाविद्यालयाला सहसा एकच पत्ता दिलेला असतो. या जोडणीवरून कोणी आक्षेपार्ह मजकूर पाठवला किंवा कोणाच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला, तर तपास करणारे त्या पत्त्याच्या आधारे प्राचार्यांच्या कक्षापर्यंत येतात. तेथून पुढे 'त्या वेळी संगणकावर कोण बसले होते?' हा प्रश्न उभा राहतो. ज्या प्रयोगशाळेत सर्वांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलेला असतो, तेथे या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते. मग संशय त्या तासाला हजर असलेल्या सर्वांवर जातो, किंवा ज्याचे नाव संशयाला सोयीचे वाटते त्याच्यावर जातो. ही दुसरी शक्यता आपल्या संस्थांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

या प्रश्नावरचा एक उपाय म्हणजे वापरकर्त्याची ओळख पटवून मगच इंटरनेट देणारा प्रॉक्सी सर्व्हर. प्रस्तुत लेखात 'स्क्विड' या मुक्त आज्ञावलीच्या आधारे असा सर्व्हर कसा मांडावा, त्याचे नियम कसे लिहावेत आणि त्यातून तयार होणाऱ्या नोंदींचे काय करावे, याचा विचार केला आहे. लहान गावांतील महाविद्यालयांत प्रयोगशाळेची जबाबदारी पुष्कळदा वाणिज्य किंवा गणिताच्या प्राध्यापकाकडे येते. त्यांना समजेल अशा रीतीने लिहिण्याचा प्रयत्न आहे. उदाहरण म्हणून बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचे, वीस संगणकांची एक प्रयोगशाळा असलेले महाविद्यालय समोर ठेवले आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

प्रॉक्सी म्हणजे काय?

'प्रॉक्सी' हा शब्द आपल्या वर्गांत चांगलाच परिचित आहे. गैरहजर मित्राच्या नावाने 'येस सर' म्हणणे म्हणजे प्रॉक्सी मारणे. संगणकाच्या क्षेत्रातही अर्थ फारसा वेगळा नाही. प्रयोगशाळेतील संगणक बाहेरच्या संकेतस्थळाशी थेट बोलत नाही. तो आपली मागणी प्रॉक्सी सर्व्हरला सांगतो, सर्व्हर त्याच्या वतीने ती बाहेर नेतो आणि आलेले उत्तर त्याला आणून देतो. फरक इतकाच की वर्गातील प्रॉक्सी खरी ओळख लपवण्यासाठी असते, तर येथे सर्व्हर बाहेर जाण्यापूर्वी खरी ओळख विचारू शकतो. सर्वांना एकच पासवर्ड देऊन ठेवला तर मात्र पुन्हा वर्गातलीच प्रॉक्सी सुरू होते.

ही कल्पना १९९४ च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबच्या सुरुवातीच्या काळातच वापरात आली. स्क्विडचा जन्म १९९६ चा. अमेरिकेतील 'हार्वेस्ट' या संशोधन प्रकल्पातील साठवण-आज्ञावलीवरून ड्युएन वेसल्स यांनी ती पुढे विकसित केली. ती जीपीएल परवान्याखाली मोफत मिळते, हे मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या काळी प्रॉक्सीचा मुख्य उपयोग बचतीचा होता. एकाने उघडलेले पान साठवून ठेवायचे आणि दुसऱ्याने मागितले की बाहेर न जाता तेच द्यायचे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्यानंतरच्या डायल-अपच्या वर्षांत ही बचत फार मोलाची होती. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन येतो आणि प्रॉक्सीला तो साठवता येत नाही. त्यामुळे बचतीच्या आशेने आज कोणी प्रॉक्सी बसवू नये. आज त्याचा खरा उपयोग ओळख, नियम आणि नोंद या तीन कामांचा आहे.

वापरकर्त्याची ओळख पटवणारा असा मध्यस्थ आपल्यापैकी अनेक प्राध्यापक नकळत वापरत आले आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये सुरू केलेली एन-लिस्ट योजना याच तत्त्वावर उभी राहिली. प्रकाशकाचे महाविद्यालयातील प्रत्येक प्राध्यापकाशी काही नाते नसते. प्राध्यापक इन्फ्लिबनेटच्या सर्व्हरवर आपल्या नावाने प्रवेश करतो आणि त्या सर्व्हरच्या मान्यतेवर प्रकाशकाची नियतकालिके उघडतात. येथेही नाव प्रत्येकाचे स्वतंत्र असते, आणि त्यामागे कारण आहे. प्रकाशकांच्या करारांत यंत्राच्या साहाय्याने घाऊक लेख उतरवून घेण्यास मनाई असते. स्वतःचे एन-लिस्टचे नाव 'वाचू देत मुलांना' म्हणून वर्गाला देणारे प्राध्यापक उदार असतील, पण त्या नावाने कोणी असा उपद्व्याप केला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो.

जोडणीची मांडणी

या कामाला फार मोठे यंत्र लागत नाही. कार्यालयातून बाद झालेला, चार जीबी स्मृती असलेला संगणक वीस जणांच्या प्रयोगशाळेला पुरतो. त्यावर उबंटू किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवावी आणि स्क्विडसोबत 'अपाची-टू-युटिल्स' हा लहान संच घ्यावा, कारण पासवर्डची फाइल तयार करणारी आज्ञा त्यात आहे. बालाघाटसारख्या ठिकाणी वीजपुरवठ्याचा भरवसा पाहता सर्व्हर आणि मोडेम दोन्ही यूपीएसवर हवेत. हे पुष्कळदा विसरले जाते. सर्व्हर यूपीएसवर असतो, मोडेम भिंतीतल्या साध्या प्लगवर असतो आणि वीज गेली की 'प्रॉक्सी बिघडला' अशी तक्रार येते.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असावीत. एक मोडेमच्या बाजूला आणि दुसरे प्रयोगशाळेच्या स्विचच्या बाजूला. समजा, आतल्या बाजूचा पत्ता १९२.१६८.१०.१ आहे. प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सी म्हणून हा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट भरायचा. ३१२८ हा स्क्विडचा ठरलेला पोर्ट आहे.

यानंतरची पायरी अनेक ठिकाणी राहून जाते. संगणकांना मोडेमपर्यंत थेट जाण्याचा रस्ता बंद करावा लागतो. तो उघडा राहिला तर विद्यार्थी ब्राउझरमधील प्रॉक्सीची खूण काढून टाकतो आणि सरळ बाहेर जातो. पुढच्या दाराला पहारेकरी आणि मागचे दार सताड उघडे, अशी ती स्थिती होते. दोन कार्डांच्या मांडणीत सर्व्हरने आतली वाहतूक स्वतःहून पुढे ढकलू नये, एवढे फायरवॉलमध्ये पाहिले की काम होते.

काही तंत्रज्ञ 'ट्रान्स्परंट' प्रॉक्सी सुचवतात. त्यात ब्राउझरमध्ये काही भरावे लागत नाही, सर्व्हर वाटेतच मागणी अडवून घेतो. ऐकायला हे सोयीचे वाटते, परंतु या पद्धतीत वापरकर्त्याला प्रॉक्सीचे नाव-पासवर्ड विचारताच येत नाही, कारण आपण प्रॉक्सीशी बोलत आहोत हे ब्राउझरला ठाऊकच नसते. ज्यांना वापरकर्त्यानुसार नियंत्रण हवे आहे त्यांनी ब्राउझरमध्ये पत्ता भरण्याचे कष्ट घ्यावेतच.

ओळख पटवणे

ब्राउझरने पहिली मागणी केली की स्क्विड ती परत पाठवतो आणि सोबत ४०७ हा क्रमांक देतो. त्याचा अर्थ 'आधी आपली ओळख सांगा'. ब्राउझर तेव्हा नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट दाखवतो. वापरकर्त्याने ती भरली की तीच मागणी ओळखीसह पुन्हा जाते. त्या ब्राउझरची खिडकी उघडी असेपर्यंत पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ती ओळख आपोआप जात राहते.

पासवर्ड तपासण्याचे काम स्क्विड स्वतः करत नाही, ते एका साहाय्यक आज्ञावलीकडे सोपवतो. सर्वांत सोपी साहाय्यक आज्ञावली म्हणजे 'बेसिक-एनसीएसए-ऑथ' (जुन्या आवृत्त्यांत तिचे नाव नुसते 'एनसीएसए-ऑथ' होते). ती एका साध्या फाइलमधील नावे आणि गुप्त रूपातील पासवर्ड वाचते. ही फाइल 'एचटी-पासडब्ल्यूडी' या आज्ञेने तयार होते. पहिले नाव घालताना या आज्ञेसोबत 'सी' हा पर्याय द्यायचा, त्याने नवी फाइल तयार होते. दुसऱ्या नावाच्या वेळी तो पर्याय पुन्हा दिला तर जुनी फाइल पुसून फक्त नवे नाव उरते. शंभर विद्यार्थ्यांची नावे घालून झाल्यावर एकशे एकाव्याला हा प्रकार होऊ शकतो, म्हणून फाइलची प्रत आधीच ठेवावी.

नावे कशी द्यावीत? विद्यार्थ्याचे नाव वापरू नये, नामांकन क्रमांक वापरावा. आपल्या महाविद्यालयांत एकाच वर्गात त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे दोन-तीन विद्यार्थी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय एकच नाव गुणपत्रिकेत एका स्पेलिंगने, आधार कार्डावर दुसऱ्या आणि प्रवेश अर्जात तिसऱ्या स्पेलिंगने असते. 'मोहम्मद' हे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले जाते हे प्रवेश समितीवर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. एरवी ही कारकुनी अडचण असते. नोंदवहीच्या आधारे कोणाला जाब विचारायची वेळ आली की हीच अडचण एका निर्दोष मुलाच्या गळ्याशी येते. क्रमांकाला असे नामबंधू नसतात.

जन्मतारीख हा पासवर्ड देऊ नये, ती सबंध वर्गाला माहीत असते. तसेच या साध्या पद्धतीत पासवर्ड आतल्या तारेवरून जवळजवळ उघड्या रूपात जातो. 'बेस सिक्स्टी-फोर' हे रूपांतर म्हणजे कुलूप नव्हे, ते कोणालाही उलट फिरवता येते. म्हणून प्रॉक्सीचा पासवर्ड ई-मेलच्या किंवा बँकेच्या पासवर्डसारखा ठेवू नये, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. वाय-फायवर हा धोका वाढतो. ज्यांच्याकडे जाणकार तंत्रज्ञ आहे त्यांनी डायजेस्ट किंवा करबरॉस या पद्धतींचा विचार करावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की प्रॉक्सीच्या या पद्धतीत 'लॉग-आउट' नावाची सोय नाही. विद्यार्थी उठून गेला आणि ब्राउझर उघडाच राहिला, तर त्याच खुर्चीवर बसणाऱ्या पुढच्या व्यक्तीचे सर्व काम पहिल्याच्या नावावर नोंदले जाते. दुसरीला पासवर्ड विचारलाही जात नाही. ब्राउझरने 'पासवर्ड साठवू का?' असे विचारल्यावर 'हो' म्हटले असेल तर दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणून प्रयोगशाळेत हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत ठळक सूचना लावावी : उठण्यापूर्वी ब्राउझरच्या सर्व खिडक्या बंद करा. पासवर्ड साठवण्याचा पर्याय तर ब्राउझरच्या मांडणीतूनच बंद करून टाकावा. नियंत्रणाचे सगळे तंत्र नीट बसवूनही या एका सवयीअभावी नोंदवही खोटी साक्ष देऊ शकते.

नियमांचा क्रम

स्क्विडचे नियम दोन टप्प्यांत लिहितात. आधी 'एसीएल' या शब्दाने गट ठरवायचे. विद्यार्थ्यांचा गट, शिक्षकांचा गट, प्रयोगशाळेची वेळ, निषिद्ध स्थळांची यादी वगैरे. मग 'एचटीटीपी-ॲक्सेस' या शब्दाने त्या गटांना परवानगी किंवा नकार द्यायचा. विद्यार्थ्यांचे क्रमांक एका वेगळ्या फाइलमध्ये ओळीला एक असे ठेवता येतात, म्हणजे दरवर्षी मुख्य फाइलला हात लावावा लागत नाही.

स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि जो नियम पहिल्यांदा जुळेल तेथेच थांबतो. एका ओळीत दोन गट लिहिले तर दोन्ही जुळावे लागतात. एका गटात अनेक नावे असतील तर त्यातील कोणतेही एक जुळले तरी पुरते. हा फरक लक्षात न आल्याने होणारा गोंधळ फार सामान्य आहे. आमच्या उदाहरणातील नियम मराठीत मांडले तर असे दिसतील :

परवानगी : संगणक-प्रणालीच्या अद्ययावतीकरणाची स्थळे
नकार : निषिद्ध स्थळे
परवानगी : विद्यार्थी, प्रयोगशाळेची वेळ
परवानगी : शिक्षक
नकार : सर्व

(स्क्विडच्या मूळ फाइलमध्ये असुरक्षित पोर्ट अडवणाऱ्या ओळी असतात, त्या सर्वांत वर जशाच्या तशा राहू द्याव्यात.) पहिली ओळ ओळखीशिवाय परवानगी देते याचे आश्चर्य वाटेल. विंडोज किंवा विषाणूरोधक आज्ञावली पडद्यामागे अद्ययावत होत असतात, तेथे नाव टंकायला कोणी बसलेले नसते. ही ओळ नसेल तर वर्षभर एकही संगणक अद्ययावत होत नाही. शेवटची 'नकार : सर्व' ही ओळ अनावश्यक वाटली तरी लिहावीच. कोणताही नियम जुळला नाही तर स्क्विड शेवटच्या नियमाच्या उलट वागतो. शेवटी परवानगीची ओळ असेल तर नकार, नकाराची असेल तर परवानगी. हे नशिबावर सोडू नये.

एक खोच अशी की नकाराच्या ओळीत शेवटचा गट वापरकर्त्यांचा असेल, उदाहरणार्थ 'नकार : निषिद्ध स्थळे, विद्यार्थी', तर स्क्विड साधा नकार न देता 'दुसरे नाव सांगा' म्हणून पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा पुढे करतो. विद्यार्थ्याला वाटते पासवर्ड चुकला, आणि तो शेजाऱ्याचा पासवर्ड मागतो. म्हणजे नियमानेच नियम मोडायला लावले. त्या ओळीच्या शेवटी 'ऑल' हा शब्द घातला की चौकट न येता सरळ नकाराचे पान येते.

वेळेच्या नियमात वारांना एकेक रोमन अक्षर आहे. मंगळवारचे 'टी', म्हणून गुरुवारला 'एच' आणि रविवारचे 'एस', म्हणून शनिवारला 'ए'. गुरुवारी प्रयोगशाळा बंद पडते अशी तक्रार आली तर बहुधा येथेच पाहावे. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजसाठी मधली सुट्टी मोठी असेल तर 'एफ' या अक्षराने त्या दिवसाच्या सकाळ आणि दुपारच्या दोन वेळा वेगळ्या लिहिता येतात.

फाइलमध्ये बदल केल्यावर 'स्क्विड के पार्स' ही आज्ञा चूक असल्यास ओळ क्रमांकासह दाखवते. चूक नसेल तर 'स्क्विड के रिकॉन्फिगर' दिल्यावर सर्व्हर बंद न करता नवे नियम लागू होतात. तास चालू असताना हे प्रयोग करू नयेत, हे सांगायला नको.

काय अडवावे?

या प्रश्नावर संस्थाचालक आणि पालक यांचा आग्रह मोठा असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण शब्दांच्या यादीने अडवणे हा मार्ग वाईट आहे. 'सेक्स' हे अक्षरगट अडवले की इंग्लंडमधील एसेक्स आणि ससेक्स या दोन्ही विद्यापीठांची संकेतस्थळे बंद होतात. एचटीटीपीएसमुळे हा मार्ग आता निरुपयोगीही झाला आहे, कारण कुलूपबंद जोडणीत प्रॉक्सीला फक्त संकेतस्थळाचे नाव दिसते. आतले पान आणि शोधलेला शब्द दिसत नाही. अडवायचेच असेल तर पूर्ण संकेतस्थळांच्या नावाने यादी करावी, ती लहान ठेवावी आणि ती कोणी ठरवली हे कागदावर असावे.

यूट्यूबचे उदाहरण घेऊ. ते विद्यार्थ्यांसाठी सरसकट बंद करण्याची सूचना बैठकीत हमखास येते. पण एनपीटीईएलची हजारो व्याख्याने यूट्यूबवरच आहेत. बालाघाटच्या विद्यार्थ्याला आयआयटीच्या प्राध्यापकाचा तास ऐकण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. बंद करण्याऐवजी वेग वाटून द्यावा हे बरे. स्क्विडमध्ये 'डिले पूल' ही सोय आहे आणि तिच्या चौथ्या प्रकारात ओळख पटलेल्या प्रत्येक वापरकर्त्याला वेगाची मर्यादा घालता येते. येथे आकडे बाइटमध्ये द्यायचे असतात आणि कंपनी वेग बिटमध्ये सांगते. आठाने भागायचे राहिले तर मर्यादा आठपट सैल होते.

काही विक्रेते कुलूपबंद जोडणी मध्येच उघडून पाहणारी सोय पुढे करतात. स्क्विडमध्येही ती 'एसएसएल-बम्प' नावाने आहे. महाविद्यालयाने ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती लावली की विद्यार्थ्याचा ई-मेल, शिष्यवृत्तीच्या अर्जातील आधार क्रमांक आणि प्राध्यापकांचे बँकेचे व्यवहार त्या बाद संगणकातून उघडे होऊन जातात. एवढा भार पेलण्याची आपली तयारी नसते.

नोंदवही

स्क्विड प्रत्येक मागणीची एक ओळ लिहितो. त्या ओळीत मूळ मांडणीनुसार दहा रकाने असतात. वेळ, लागलेला अवधी, संगणकाचा पत्ता, निकाल, आकार, मागणीचा प्रकार, स्थळ, वापरकर्ता, मार्ग आणि मजकुराचा प्रकार. वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, ती रूपांतर करून वाचावी लागते. सर्व्हरचे घड्याळच चुकीचे असेल तर पुढचा सर्व पुरावा व्यर्थ, म्हणून ते इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था आधी करावी.

ही नोंदवही वाचणे हे शिकण्यासारखे काम आहे. न शिकता वाचणारा माणूस तिच्यातून अन्याय करू शकतो. पहिले उदाहरण निकालाच्या रकान्याचे. तेथे 'डिनाइड' हा शब्द शेकडो वेळा दिसतो. त्यापुढे ४०७ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ब्राउझरने अजून ओळख दिली नव्हती. ही प्रत्येक वापरकर्त्याच्या बाबतीत होणारी नेहमीची घटना आहे. पुढे ४०३ असेल तरच नियमाने नकार दिलेला असतो. दुसरे उदाहरण स्थळाच्या रकान्याचे. एक वृत्तपत्राचे पान उघडले तरी त्यातील जाहिराती आणि चित्रे यांच्यासाठी अनेक वेगवेगळ्या स्थळांकडे मागण्या जातात. एखाद्या आक्षेपार्ह जाहिरातदाराचे नाव एका क्रमांकासमोर दिसले म्हणजे त्या विद्यार्थ्याने ते मुद्दाम उघडले असे होत नाही. आणि तिसरे, वर सांगितलेला उघडा राहिलेला ब्राउझर.

मग नोंद ठेवायची कशाला? बालाघाटला याचे उत्तर शेजारीच सापडते. भरवेली येथे मॉइलची मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाण अधिनियम १९५२ च्या कलम ४८ नुसार कोणत्याही क्षणी जमिनीखाली कोण कोण आहे हे दाखवणारी नोंदवही प्रत्येक अशा खाणीत ठेवणे बंधनकारक होते. ती मजुरावर पाळत ठेवण्यासाठी नसते. दुर्घटना झाली तर आत कोण अडकले आहे आणि कोण सुखरूप बाहेर आहे, हे त्या वहीवरून कळते. प्रॉक्सीची नोंदवही याच भावनेने ठेवली पाहिजे. प्रश्न विचारला गेला की जो त्या वेळी तेथे नव्हता तो तिच्यामुळे सुटला पाहिजे.

इस्लामी परिभाषेत सांगायचे तर ही नोंदवही अमानत आहे. कुरआनच्या सूरह हुजुरात (४९:१२) मध्ये दुसऱ्यांच्या गोष्टींची टेहळणी करण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास एकाच आयतीत मनाई आहे. कोणती विद्यार्थिनी कोणत्या आजाराची माहिती शोधते, कोण कोणत्या नोकरीचा अर्ज भरतो, हे सहज म्हणून चाळणे आणि स्टाफरूममध्ये सांगणे, या दोन्ही गोष्टी त्या मनाईत बसतात. स्क्विडच्या रचनाकारांनीही याचा विचार केलेला दिसतो. पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा भाग, म्हणजे शोधलेले शब्द वगैरे, तो मूळ मांडणीत नोंदवहीत लिहीतच नाही. 'स्ट्रिप क्वेरी टर्म्स' ही ती सोय आहे. ती बंद करू नये.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांत प्रॉक्सी सर्व्हरच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याचे बंधन आहे, परंतु ते जनतेला व्यवसाय म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी आहे. केवळ आपल्या विद्यार्थ्यांसाठी चालणारी प्रयोगशाळा त्या व्याख्येत बसत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवादाते, कॉर्पोरेट संस्था, शासकीय संस्था इत्यादींनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात असे म्हटले आहे. महाविद्यालयानेही १८० दिवस ही मुदत धरावी आणि त्यानंतर नोंदी पुसून टाकाव्यात, हे मला व्यवहार्य वाटते. डेबियन-उबंटूची मूळ मांडणी जेमतेम काही दिवसांच्याच नोंदी ठेवते, तेव्हा ही मुदत मुद्दाम बदलावी लागते. नोंदी न्यायालयात द्यायची वेळ आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते देणारी व्यक्ती कोण, हे आधी ठरलेले असावे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ ने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर निर्बंध घातले आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. सीमेच्या अलीकडे-पलीकडे येथे फरक पडतो. मध्य प्रदेशात अकरावी-बारावी उच्चतर माध्यमिक शाळेत असते. गोंदियात मात्र तीच मुले अनेकदा त्याच आवारातील कनिष्ठ महाविद्यालयात असतात आणि तीच प्रयोगशाळा वापरतात. अशा ठिकाणी त्यांचा गट वेगळा ठेवावा आणि प्रवेशाच्या वेळीच पालकांच्या सहीचे संमतीपत्र घ्यावे.

व्यवहारात दोन गोष्टी पुरतात. नोंदवही कोणी, केव्हा, कोणाच्या लेखी आदेशाने पाहिली याचे एक साधे रजिस्टर असावे आणि ती पाहताना प्रयोगशाळा प्रमुखाशिवाय आणखी एक प्राध्यापक हजर असावा. विद्यार्थिनीच्या नोंदी पाहायच्या असतील तर त्यातील एक महिला प्राध्यापक असावी. दुसरे म्हणजे, अशी नोंद ठेवली जाते हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावे आणि नाव-पासवर्ड देताना त्या अर्थाच्या कागदावर सही घ्यावी.

सत्र संपल्यावर उत्तीर्ण झालेल्यांचे क्रमांक यादीतून आणि पासवर्डच्या फाइलमधून काढावेत. 'एचटी-पासडब्ल्यूडी'ला 'डी' हा मोठ्या अक्षरातील पर्याय दिला की एक नाव निघते. काढलेले नाव लगेच बंद पडत नाही, कारण स्क्विड एकदा तपासलेली ओळख मूळ मांडणीत दोन तासांपर्यंत ग्राह्य धरतो. म्हणून हे काम संध्याकाळी प्रयोगशाळा बंद झाल्यावर करावे. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कपाटात ठेवावा आणि प्रयोगशाळा प्रमुख बदलला की त्याच दिवशी तो बदलून नवा लिफाफा द्यावा.